हत्ती कॅम्प

केतकी, काकूंना तुझा हत्तीबरोबरचा एक फोटो हवा होता.

तू गेल्यानंतर तुझ्या आईने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. बँकेचं काय ते त्यांनी तुझ्या मामांना विचारलं, कपड्यांचं मामींना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या त्या हत्ती कॅम्पचे फोटो सगळे रावच्या फोनमध्ये आहेत, असं सांगत होती ती. त्यातला एक बघून दे मला. हत्तीशेजारी हसत असेल असा."

तू तसं सांगून मोकळी झालीस आणि निस्तरायला मागे राहिले मी. माझ्या फोनमध्ये एकही हत्ती नाही. केसांत कापूस अडकलेली तू आहेस. टकळी नाकासमोर धरून मुद्दाम तिरळं बघणारी तू आहेस. कालव्याच्या कडेला पाठमोरी बसलेली तू आहेस, तो फोटो मी तुला न सांगता काढला होता. हत्ती नाही, हत्तीची शेपटीही नाही.

मी त्यांना म्हणाले, शोधते. आणि घरी आल्यावर खरंच फोन उघडून शोधत बसले.

हे सगळं मराठीत लिहायचं की नाही, याच्यावर मी बरेच दिवस अडले होते. तुला माहीत आहे आमच्या घरचं. आमच्यातलं कोण, कधी, कशासाठी म्हैसूरला आलं हे आता कोणालाच नीट सांगता येत नाही. देवापुढे आणि जेवताना आम्ही मराठी बोलतो, भांडण कन्नडमध्ये होतं, आणि लिहायचं म्हटलं की मला शाळेतलं इंग्रजीच सुचतं. तू म्हणायचीस, तुमचं मराठी म्हणजे कन्नडला नेसवलेलं नऊवारी. मला राग यायचा. पण राग आला हे सांगायचं कसं, हेही मला तुझ्या मराठीत येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसायचे आणि तू समजायचीस की मला पटलं.

ऑफिसच्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव ऐकलंस, वैष्णवी राव, आणि वळून अशी बघायला लागलीस की जणू कोणी गंमत केली. "खरंच राव? आडनाव?" मी मान हलवली. "काय राव," तू म्हणालीस, आणि एकटीच हसलीस. साताऱ्याकडे प्रत्येक वाक्याला राव लावतात हे मला त्यानंतर आठवड्याने कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की तू सारखी मलाच हाक मारते आहेस. कदाचित त्यामुळेच मी तुझ्याशी बोलायला लागले. मला सहसा कोणी एवढ्या हाका मारत नाही.

आणि तो गादीवाला. काकू निवृत्त होऊन साताऱ्याहून कायमच्या तुझ्याकडे राहायला येणार होत्या, म्हणून तू गादी घ्यायला एकटीच गेली होतीस. दुकानातून मला फोन केलास, आवाज दबका. "राव, हा माणूस विचारतोय हत्ती बेका, फोम बेका. मला गादीत हत्ती घालून देतो म्हणतोय." मी आयुष्यात फोनवर एवढी हसले नव्हते. कन्नडमध्ये बेका म्हणजे हवं का, हत्ती म्हणजे कापूस आणि आपल्या हत्तीला आने म्हणतात, हे तुला समजावताना मला पहिल्यांदा वाटलं की मलाही काहीतरी येतं जे तुला येत नाही. त्या दिवसापासून तुझ्या घरात कापसाला हत्ती हाच शब्द झाला. कानात घालायला हत्ती, जखमेला हत्ती. फक्त काकू घरी असल्या की तू कापूस म्हणायचीस, त्यांना उगाच गोंधळात कशाला पाडा म्हणून. तेवढं एक पथ्य तू पाळत होतीस, आणि नेमकं तेच मोडलंस.

दीपिकाने ऑफिसच्या ग्रुपवर त्या शिबिराची जाहिरात टाकली, शनिवार-रविवार, बन्नूरच्या पुढे एका शेतावर, हाताने सूत कातायला शिका. वर मोठ्या कन्नड अक्षरांत लिहिलं होतं, हत्ती नूलुव शिबिर. मला चरख्यात काही रस नव्हता आणि तुलाही नव्हता. पण तुला ते अक्षर अक्षर लावून वाचता आलं आणि एवढा आनंद झाला की तू तिथल्या तिथे आपल्या तिघींची नावं दिलीस. हत्ती कॅम्प, हत्ती कॅम्प, असं आठवडाभर ऑफिसभर सांगत फिरलीस.

बन्नूरच्या बसमध्ये काकूंचा फोन आला. बस भरलेली, कंडक्टर ओरडत होता, आणि तू दांड्याला लटकून म्हणालीस, "अगं हो, हत्ती कॅम्पला चाललोय, रावबरोबर." सवयीने तोंडातून गेलं असेल. काकूंचं उत्तर मला शेजारी उभी असून ऐकू आलं. सोंडेच्या टप्प्यात जाऊ नको, पिल्लू असलं तर त्याच्या आणि आईच्या मध्ये येऊ नको. दसऱ्याचे हत्ती तेव्हा रोज रस्त्याने सरावाला जायचे, काकू फूटपाथवर उभ्या राहून त्यांना नमस्कार करायच्या. त्यांच्या डोळ्यांपुढे हत्तीच असणार. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास आणि फोनवर म्हणालीस, "नाही जाणार जवळ. पिल्लं पण आहेत म्हणे."

मी म्हणाले, सांग की त्यांना खरं. तू म्हणालीस, परत गेल्यावर सांगते, समोर बसून, तिचा चेहरा बघायचाय मला.

ते दोन दिवस मी किती वेळा मनात फिरवले असतील. त्यात काही मोठं घडलं नव्हतं. शिबिर घेणाऱ्या उषा मिस कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं अजून वर्गात असल्यासारखं. दारातच त्यांनी एक वेताची टोपली पुढे केली, फोन टाका, जेवायच्या वेळी परत मिळतील. दीपिकाचा चेहरा उतरला, तिला व्हिडिओ करायचे होते. मग ओसरीवर चटया, समोर सरकी असलेला कापूस. आधी सरकी काढा, मग पिंजा, मग पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळकट्या, करा. पेळू हा शब्द तुला माहीत होता, शाळेत सूतकताई होती म्हणून. काकूंच्याच शाळेत. तू सगळ्यांना दाखवायला लागलीस आणि तुझेच पेळू सर्वांत वाईट झाले, अर्धवट भरलेल्या उशीसारखे.

मग टकळ्या वाटल्या. "टकळी," तू मला म्हणालीस, "आता मला कळलं देवाची गफलत कुठे झाली. तुझी हातात दिली, माझी तोंडात." मी काही बोलले नाही, तर म्हणालीस, "बघ, सिद्ध केलंस."

उषा मिस मागून फिरत होत्या आणि सूत ताणताना चिमूट घट्ट धरली की म्हणायच्या, बिडु, बिडु. सोड, सोड. तू हळूच विचारलंस, ही बाई मला भिडू का म्हणतेय? मला हसू आवरेना, माझी टकळी खाली पडून ओसरीवरून अंगणात घरंगळत गेली. बिडु मला जास्त वेळा ऐकावं लागलं. माझ्या सुताला एवढा पीळ पडायचा की हातातून सुटलं की ते जुन्या टेलिफोनच्या वायरसारखं गोळा व्हायचं. तू ते उचलून सगळ्यांना दाखवलंस. सुंभ जळेल पण रावचा पीळ जळायचा नाही. तुझं सूत उलट, पिळाशिवाय, बोलता बोलता ओढलेलं, हात लावला की सुटायचं. मिस म्हणाल्या, तू तोंड बंद ठेवून एक हात सूत काढून दाखव. तू ओठ आवळून बसलीस, सूत निघालंही, आणि ते निघाल्याचं सांगायला तोंड उघडलंस.

हे एवढंच. मी सांगितलं तर कोणी म्हणेल, मग यात काय? खरंच काही नाही. पण माझ्याकडे आता हेच आहे.

आणि रविवारची दुपार आहे. मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खाऊन सगळ्या ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. फोन परत मिळाले होते. तू उठून उसाच्या कडेने कालव्याकडे गेलीस, मी मागून आले. तू पाठमोरी बसून काहीतरी टाइप करत होतीस, खांदे असे आवळलेले की मी कधी बघितले नव्हते. का कोण जाणे, मी फोटो काढला. मग तू वळलीस आणि म्हणालीस, "राव, मी हो म्हणून टाकलं."

हेलसिंकी. ऑफिसच्या कामासाठी, दोन वर्षं. जानेवारीत निघायचं. उत्तराची मुदत सोमवारपर्यंत होती आणि तू ते महिनाभर कोणालाच सांगितलं नव्हतंस. एवढं बोलणारी तू. मला तेव्हा कळलं की तुझं बोलणं हेसुद्धा एक प्रकारचं गप्प बसणंच आहे. माझ्यापेक्षा चांगलं जमलेलं.

मी विचारलं, काकू? त्या तर साताऱ्याचं घर आवरून इथे आल्या. इथली भाषा येत नाही, भाजीवालीशी बोटांनी बोलतात.

"आईला दसरा झाल्यावर सांगेन."

"आधी विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. तोच तर प्रॉब्लेम आहे." तू पाण्यात खडे टाकत होतीस. "ती कधीच नाही म्हणत नाही. जा म्हणेल, चिवडा करायला घेईल, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडेल. तिचं ते हो मला ऐकायचं नाहीये."

मी कधी भांडत नाही, पण तेव्हा भांडले. अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी, जे येईल त्यात. म्हणाले, तू त्यांना नाही म्हणायची संधीच ठेवली नाहीस. कदाचित नाही म्हणतील. तू म्हणालीस, तू माझ्या आईला ओळखत नाहीस. मी म्हणाले, तू त्यांना ओळखतेस म्हणून ऐकत नाहीस. मग तू ताडकन उठलीस, सुम्ने बस राव, असं माझ्याच भाषेत मला गप्प केलंस, आणि परतीच्या बसमध्ये दीपिकाशेजारी जाऊन बसलीस.

पण स्टँडवर उतरल्यावर माझा हात धरून घरी घेऊन गेलीस. राग तुला फार वेळ पेलायचाच नाही. काकूंनी पिठलं-भाकरी केली होती. मंडी मोहल्ल्यातल्या त्या दुकानातून मी आणून दिलेल्या ज्वारीची भाकरी, आता बरी होते म्हणाल्या, पहिल्यांदा आणलेली गूळ घातल्यासारखी चिकट होती. वाढता वाढता त्यांनी विचारलं, काय मग, दिसले का हत्ती?

मला वाटलं, आता सांगशील. दोन्हींपैकी एक तरी.

तू कावेरी नावाची हत्तीण सांगितलीस. म्हातारी, एका कानाला भोक पडलेली, केळं सोलून दिल्याशिवाय खात नाही. तिने रावच्या वेणीला सोंड लावली आणि राव घाबरून कालव्यात पडता पडता राहिली. तू सोंड करून दाखवलीस, माझ्या डोक्याला हुंगलंस. काकू एवढ्या हसल्या की त्यांना ताट बाजूला ठेवून डोळे पुसावे लागले. मीही हसले. मध्येच तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, आणि मला कळलं की तू हे त्या दुसऱ्या गोष्टीच्या बदल्यात सांगते आहेस. जेवढी ती मोठी, तेवढी हत्तीण मोठी करत होतीस.

नंतरचं मी लिहिणार नाही. ताप आला, मग प्लेटलेट्स हा शब्द आला, मग आम्हाला आयसीयूच्या आत सोडेनात. आत जायच्या आदल्या दिवशी तू मला मेसेज केला होतास, दसरा झाला की सांगते, शप्पथ. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. आपल्या वादातलं माझं शेवटचं म्हणणं तेवढंच आहे, एक पिवळा अंगठा.

तुमच्या घरी मी भेटायला आले तेव्हा माझ्यासमोर अडचण अशी होती की मला वाटत होतं त्याला माझ्याकडे एकच शब्द होता, बेजार. आमच्या घरी वाईट वाटलं की बेजार झालं म्हणतात, कन्नडमध्ये तसंच आहे. पण तूच मला शिकवलं होतंस की मराठीत बेजार म्हणजे कोणी छळून छळून जीव नकोसा करणं. माझा कुत्रा मेला तेव्हा मी ऑफिसात तुला म्हणाले होते, मला फार बेजार झालं, आणि तू विचारलं होतंस, का, चावायचा का? मग कळल्यावर तू रडवेली झालीस. म्हणून त्या दिवशी काकूंसमोर मी तो शब्द तोंडातच धरून बसले. दुसरा नव्हताच. साताऱ्याहून आलेल्या बायका बोलत होत्या, सगळ्यांना सगळे शब्द येत होते. मी चटईचा काठ बघत राहिले. उठताना मात्र काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "येते हं काकू."

खोलीतलं बोलणं थांबलं. मामींनी माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले. अशा घरातून निघताना येते म्हणायचं नसतं, मुकाट्याने उठून जायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरीही पाळत असतील, मी लक्ष दिलं नसेल. मामी म्हणाल्या, असं म्हणू नये गं. पण काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणू दे तिला," त्या म्हणाल्या. "ये गं. शनिवारी ये."

म्हणून मी दर शनिवारी जायला लागले. त्या मला चहा द्यायच्या, मी प्यायचे. त्या कावेरीबद्दल विचारायच्या. केळं सोलून कोण देत होतं, केतकी की तू? कानाला भोक कशानं पडलं? मी म्हणायचे, लक्षात नाही काकू. मामा त्यांना साताऱ्याला चल म्हणत होते तेव्हाही त्या मामांना कावेरीची गोष्ट सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचा आवाज तुझ्यासारखा होत होता. ती हत्तीण मी कशी काढून घेऊ त्यांच्याकडून? आणि ठेवू तरी कशी? दर आठवड्याला ती वाढत होती आणि मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मग त्यांनी फोटो मागितला. एका शनिवारी मी शोधते म्हणाले, दुसऱ्या शनिवारी फोन चार्ज नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा लावून हात पुढे केला. मी फोन दिला.

त्यांनी एकेक फोटो बघितला. "हा कापूस कुठला?"

मी सांगितलं. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. गादीवाल्याचंही सांगितलं, शिबिराचं, बसमधल्या फोनचं. मला जेवढं नीट सांगता येईल तेवढं. त्या ऐकत होत्या आणि तुझ्या केसांतला कापूस दोन बोटांनी मोठा करून बघत होत्या.

"म्हणजे कावेरी?"

"कावेरी नव्हती, काकू."

मला वाटलं आता त्या रडतील. पण त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "लबाड," त्या म्हणाल्या. "लहानपणी वाघ सांगायची. शाळेच्या मागे वाघ आहे म्हणून अख्खा वर्ग घेऊन आली होती माझ्याकडे." आणि हसल्या, खरंच हसल्या, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं. तेवढ्यात त्यांनी बोट सरकवलं आणि कालव्याचा फोटो आला.

"ही अशी पाठमोरी का बसलीये?"

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"काहीतरी लिहितेय फोनवर. कोणाला?"

ऑफिसचं काम, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही नव्हतं. पण केतकी, खोटं बोलायला जेवढी भाषा लागते तेवढं मराठी माझ्याकडे नाही. इंग्रजीत मी कोणाशीही काहीही बोलू शकते, शाळेने तेवढं शिकवलं. तुझ्या आईसमोर माझ्याकडे फक्त थोडे शब्द होते आणि ते सगळे खरे निघाले.

त्यांनी विचारलं, किती वर्षांसाठी. मी सांगितलं. मला कधी सांगणार होती? दसऱ्यानंतर. मग फोन टेबलावर पालथा ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तिला काय वाटत होतं, मी काय म्हणेन?"

"तुम्ही हो म्हणाल."

काकू उठल्या. ओटा पुसला, तो पुसलेलाच होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "मी नाही म्हणाले असते. सगळ्याला हो म्हणत आले म्हणून तिला तसं वाटलं. ह्याला नाही म्हणाले असते. चांगली भांडले असते तिच्याशी." फडकं पिळलं. "तेवढं भांडणसुद्धा ठेवलं नाही तिनं मला."

तर आपल्या त्या वादात माझं बरोबर निघालं, केतकी. तू नेहमी म्हणायचीस, राव, एकदा तरी जिंकून दाखव. हे जिंकलेलं घेऊन मी कुठे जाऊ? तुला सांगता येत नाही, त्यांना परत घेता येत नाही. त्यांच्याकडे एक हत्तीण होती आणि ह्या शहरात आपल्याजवळ राहणारी मुलगी होती. मी एका दुपारी दोन्ही नेल्या. त्या दिवशी निघताना मी येते म्हणाले नाही, आणि त्यांनीही ये म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी बेल वाजवली, दार उघडलं नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी ज्वारीचं पीठ दाराला अडकवून आले. त्याच्या पुढच्या शनिवारी पिशवी नव्हती, दार बंदच होतं. मी आईला विचारलं, काय करू. आई म्हणाली, तुला कोणी सांगितलं होतं सगळं सांगायला, आणि मग म्हणाली, पण न सांगून तरी काय केलं असतंस. घरात मला याच्यापुढे कोणी काही सांगू शकलं नाही. दीपिका म्हणाली, वेळ दे. मी वेळच देत होते, माझ्याकडे दुसरं काय होतं.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून निघत होते आणि काकूंचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"त्या गावाचं नाव काय म्हणालीस?"

"हेलसिंकी."

"थंडी असते?"

मी फोनमध्ये बघून सांगितलं, आज शून्याच्या खाली आहे. त्यांनी रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तिला थंडी सोसत नाही. साताऱ्याला डिसेंबरात दोन दोन मोजे घालायची." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिकडे भाजी काय मिळते. मी शोधून सांगितलं, बटाटे, बीट, कोबी. कोबी तिला आवडत नाही, त्या म्हणाल्या. मग तिकडे सूर्य कधी मावळतो हे विचारलं, आणि मी सांगितल्यावर दुपारीच? दुपारीच? असं दोनदा म्हणाल्या. शनिवारी दार उघडं होतं. मामांचं म्हणणं आहे की आता एकटीने इथे राहायचं नाही, साताऱ्याला चल. काकू म्हणतात, जानेवारी होऊ दे. जानेवारीत काय आहे, असं मामांनी मला विचारलं. मी त्यांना काही सांगितलं नाही.

आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. त्या भांडत आहेत तुझ्याशी, मला ऐकू येतं. कधी म्हणतात, एवढ्या थंडीत पाठवलंच नसतं. कधी म्हणतात, तिथं आपलं कोणी आहे का बघून ठेवलं असतं. नाही म्हणण्याची एकेक कारणं काढतात, आणि ते कारण दूर कसं करायचं हेही पुढच्या वाक्यात त्याच सांगतात. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी फक्त वाचून दाखवते, आज किती अंश, पाऊस की बर्फ, वारा किती. मला यातलं दुसरं काही करता येत नाही. हेही थांबवायला हवं का, ते मला कळत नाही.

आज मी सांगितलं, उणे सात, आणि रस्ते निसरडे आहेत असं लिहिलंय.

काकू म्हणाल्या, "मग आज बाहेर पडू नको म्हणावं तिला."

 आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. त्यांच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता, खिडकीतून त्यांच्या आणि फोनमधून माझ्या कानात एकदमच. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. वाट बघत राहिल्या.

"म्हणते, काकू," मी म्हणाले.

म्हणून हे लिहायला बसले. केतकी, आज बाहेर पडू नकोस.